एका कानाचं दुखणं

हेडफोन बिघडला की लोक एकतर तो ड्रॉवरमध्ये टाकून देतात, नाहीतर बिल घेऊन भांडायला निघतात. मधे एक पायरी असते, नेमकं काय बिघडलंय ते बघण्याची. ती बहुतेक जण गाळतात. पुण्यात तापकीर गल्लीजवळ माझं रिपेअरिंगचं टेबल आहे. त्याआधी बरीच वर्षं मी एका अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या काउंटरमागे बसत होतो. त्यामुळे वॉरंटी नाकारणारा माणूस आधी काय बघतो आणि कागदावर काय लिहितो, हे मला त्या खुर्चीतून माहीत आहे.

बहुतेकांची तक्रार एकाच वाक्यात संपते: "एका कानात येत नाही हो." डॉक्टरसमोर बसून नुसतं "पोटात दुखतंय" म्हणावं, तसं हे झालं. दुखणं खरं असतं, पण त्यामागचे आजार निरनिराळे. काही घरच्या घरी बरे होतात, काही टेबलावर आणि काही कंपनीच्याच माथी मारायचे असतात.

आधी फोन बघा. अँड्रॉइड असो की आयफोन, अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये डाव्या-उजव्या आवाजाचा तोल बदलणारी एक पट्टी असते. घरातल्या पोराच्या हातून ती एका टोकाला सरकली की चांगला हेडफोनही एका कानाने बहिरा होतो. हेडफोन दुसऱ्या फोनला लावला की खरं काय ते लगेच कळतं. एवढं न करता माणसं हडपसरहून रिक्षा करून माझ्याकडे येतात. मी पट्टी मधे आणून देतो आणि चहा पाजतो. पैसे कसले घेणार?

दुसरा संशयित कानातला मळ. बोलायला लोकांना संकोच वाटतो, पण कानात घुसणाऱ्या इअरफोनच्या तोंडाशी जी बारीक जाळी असते, ती मळाने बुजली की आवाज आधी दबतो, मग नाहीसा होतो. रबराची टोपी काढून जाळी उजेडात धरा. छिद्रं दिसत नसतील तर जाळी खाली तोंड करून धरायची आणि कोरड्या मऊ ब्रशने हलकेच झाडायची, म्हणजे मळ आत न जाता खाली पडतो. टाचणी घालू नका. जाळीच्या मागे पातळ पडदा असतो. तो फाटला की मामला रिपेअरिंगचा राहत नाही, आणि वॉरंटीचाही राहत नाही.

आता वायरचा हेडफोन. माझा जीव अजून याच्यातच आहे. वायर तुटते ती मधे कुठेतरी नाही, ठरलेल्या जागीच: पिनच्या गळ्याशी, नाहीतर वायर कानाच्या वाटीत शिरते तिथे. रोज तिथेच घडी पडते आणि आतले केसांसारखे तांब्याचे धागे एकेक करून तुटतात. बाहेरचं रबर धडधाकट दिसतं. गाणं लावून पिनजवळची वायर दोन बोटांत धरून हळू वाकवा. आवाज आला-गेला की जागा सापडली.

साध्या स्टिरिओ पिनवर काळ्या रेघांनी वेगळे केलेले तीन भाग असतात. टोक डाव्या कानाचं, मधली कडी उजव्या कानाची आणि मागची नळी दोघांची सामाईक, तिला आम्ही ग्राउंड म्हणतो. माइकवाल्या पिनला चौथा भाग असतो. टोकाची किंवा कडीची तार तुटली तर तो तो कान बंद होतो, हे कुणालाही समजतं. गंमत ग्राउंड तुटल्यावर होते. दोन्ही कानांत आवाज येतो, पण विहिरीतून आल्यासारखा, आणि गाणारा माणूसच गायब होतो. मागचा कोरस, कडेची वाद्यं, गुंजणारा प्रतिध्वनी, सगळं ऐकू येतं, फक्त गायक नाही. कारण असं, की रेकॉर्डिंगमध्ये गायकाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखा ठेवलेला असतो. सामाईक तार सुटली की दोन्ही स्पीकर एकामागोमाग एक जोडले जातात आणि दोन बाजूंमध्ये जेवढा फरक असेल तेवढाच उरतो. जे सारखं ते एकमेकांना खाऊन टाकतं. एक भजनी मंडळवाले काका मला म्हणाले होते, "पखवाज येतोय, टाळ येतायत, बुवा कुठे गेले?" त्यांना मी हातातली वायर न सोलताच निदान सांगितलं.

हे काम मी कसं करतो तेही सांगतो, कारण घरी करून पाहणारे पुष्कळ असतात आणि एका ठिकाणी हमखास अडतात. पिनजवळची वायर कापून सोलली की आत लाल, हिरवी किंवा निळी आणि तांबूस अशा बारीक तारा दिसतात. लाल बहुधा उजव्या कानाची, हिरवी किंवा निळी डाव्या, तांबूस ग्राउंड. हे रंग नुसते रंग नसतात, तारेवरचा लाखेचा मुलामा असतो. त्यावर सोल्डर धरतच नाही. तापलेल्या सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर सोल्डरचा थेंब घेऊन तारेचं टोक त्यात क्षणभर बुडवायचं. लाख जळून धूर निघतो, टोक चांदीसारखं चमकतं, मग जोड बसतो. तारांमध्ये ताणासाठी नायलॉनचा दोराही गुंफलेला असतो. तो आधी बाजूला काढायचा, नाहीतर वितळून जोडात मिसळतो. शेवटी मल्टिमीटर. बहुतेक इअरफोन सोळा ओहमच्या आसपास दाखवतात, मोठे हेडफोन बत्तीसच्या आसपास. काटा हललाच नाही तर तार अजून तुटलेली. शून्याला चिकटला तर दोन तारा एकमेकींना टेकल्यात.

बिनवायरच्या बड्सचं दुखणं वेगळं. एक बड मेला म्हणतात तेव्हा निम्म्या वेळा तो मेलेला नसतो, उपाशी असतो. डबीच्या तळाशी सोनेरी टोकाच्या पिना असतात आणि बडच्या पोटाशी तसेच ठिपके. घामाचं मीठ तिथे बसतं आणि चार्जिंग पोहोचत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओला केलेला कापसाचा बोळा फिरवला, वाळू दिलं, की बऱ्याचदा दिवा लागतो. त्यानंतर रीसेट. दोन्ही बड डबीत ठेवून बटण दाबून धरायचं. किती सेकंद ते त्या मॉडेलच्या कागदात लिहिलेलं असतं. फोनमधून जुनी जोडणी काढून टाकायची आणि नव्याने पेअर करायचं. एवढ्याने नाही झालं, तर बॅटरी. प्रत्येक बडमध्ये शेंगदाण्याएवढी लिथियम बॅटरी असते, साधारण तीस ते साठ मिलिअँपिअर-तासांची. वर्ष-दोन वर्षांत तिचा दम कमी होणं स्वाभाविक आहे. पण भेट आलेला सेट कपाटात महिनोन् महिने पडून राहिला तर बॅटरी इतकी खाली उतरते की आतलं संरक्षक सर्किट तिला चार्जच होऊ देत नाही. आणि उन्हात उभ्या केलेल्या स्कूटरच्या डिकीत हेडफोन ठेवणाऱ्यांना मी काय सांगू, त्यांच्यामुळेच माझं घर चालतं.

इतकं तपासूनही दोष राहिला आणि वर्ष उलटलेलं नसेल, तर स्वतः काही उघडू नका. आता कागदाची बाजू सुरू होते.

आपल्याकडे बहुतेक हेडफोनना एक वर्षाची वॉरंटी असते. ती उत्पादनातल्या दोषाला असते: ड्रायव्हर म्हणजे आतला स्पीकर फाटणं, बॅटरी चार्ज न घेणं, ब्लूटूथ वारंवार तुटणं, माइक बंद पडणं. पडून तुटलेली कमान, चिरलेला सांधा, कापलेली वायर हे "फिजिकल डॅमेज". कानाच्या गादीवरचं कातड्यासारखं आवरण सोलवटणं ही झीज. आपल्या दमट हवेत, कोकणात तर विशेषच, ते रेक्झिन फार लवकर सुटतं, पण काउंटरवर त्यासाठी वाद घालून उपयोग नसतो. नवी गादी थोड्या पैशांत मिळते, ती घ्या.

सर्व्हिस सेंटरमध्ये तुमचं भवितव्य ठरवणारा कागद म्हणजे जॉबशीट. काउंटरवरचा मुलगा कॉम्प्युटरवर भराभर टाइप करतो, प्रिंट काढतो, "सर, इथे सही" म्हणतो, आणि माणसं न वाचता सही करतात. त्या कागदावर दोन रकाने बघायचे. एक, तक्रारीचा. तिथे नुसतं "डेड" लिहिलं असेल तर ते बदलून घ्या. "डावा बड चार्ज होतो, पण पेअर होत नाही" किंवा "उजव्या कानात आवाज अधूनमधून जातो" असं स्पष्ट लिहायला लावा. तुम्ही काय सांगितलं हे तिथे नसेल, तर आतला टेक्निशियन जे बघेल तेच खरं ठरतं. दुसरा रकाना वस्तूच्या स्थितीचा. तिथे सवयीने "स्क्रॅचेस, डेंट" लिहून ठेवतात. आम्हीही लिहायचो. उद्या वस्तू खराब होऊन परत आली तर सेंटर अडचणीत यायला नको, म्हणून ती आमची तटबंदी होती. पण तुमच्या हेडफोनला डेंट नसताना तो शब्द राहिला, तर पुढे "फिजिकल डॅमेज" म्हणून वॉरंटी नाकारायला तोच पुरतो. काउंटरवरच चारही बाजूंनी फोटो काढा आणि "डेंट नाही" असं लिहूनच सही करा. मुलगा कुरकुरेल, पण लिहील.

अधूनमधून होणाऱ्या बिघाडाचं आणखी एक दुखणं. तुम्ही वस्तू देता, आत ती छान वाजते, आणि "दोष आढळला नाही" असा शेरा घेऊन परत येते. यावर उपाय एकच, बिघाड होत असतानाचा व्हिडिओ. एका फोनवर गाणं चालू ठेवा, हेडफोनची एक बाजू आणि मग दुसरी बाजू दुसऱ्या फोनच्या माइकला टेकवा, म्हणजे एकीकडे आवाज आणि दुसरीकडे शांतता रेकॉर्ड होते. त्या व्हिडिओत मागचा सिरियल नंबरही दाखवा.

बिलाबद्दल फार बोलत नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त ठेवत कुणी नाही. दुकानातलं थर्मल कागदाचं बिल काही महिन्यांत पांढरं पडतं. घेतल्या दिवशीच फोटो काढून स्वतःला मेल करा. बिल नसेल तर बऱ्याच कंपन्या वॉरंटी उत्पादनाच्या तारखेपासून मोजतात, आणि माल दुकानात किती महिने पडून होता याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. खोकं टाकू नका. पॅकबंद वस्तूवर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क छापणं 2011च्या नियमांनुसार सक्तीचं आहे. तक्रार नेमकी कुणाविरुद्ध करायची, हे तिथूनच कळतं. बिनवायरच्या हेडफोनवर बीआयएसचा "आर-" ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही असायला हवा. तो "बीआयएस केअर" अ‍ॅपवर टाकून बघता येतो. रस्त्यावर मोठ्या कंपनीचं नाव छापलेला दोनशे रुपयांचा हेडफोन घेऊन माझ्याकडे वॉरंटी विचारू नका.

माझी भाची छत्रपती संभाजीनगरला असते. नीटचा अभ्यास करते, दिवसभर कानात बड्स. ऑनलाइन घेतलेले, पाण्याच्या शिंतोड्यांना टिकतात असं डबीवर छापलेलं. सहा महिन्यांच्या आत डावा बड बंद पडला. कंपनीने कुरिअरने उचलून नेला आणि तसाच परत पाठवला. सोबत दोन शब्द, "लिक्विड डॅमेज". फोन आला तेव्हा ती रडकुंडीला आली होती.

"मामा, ते म्हणतात पाणी गेलंय. मी तर आंघोळीलाही काढून ठेवते."

"फोटो पाठवलाय का त्यांनी?"

"नाही."

"मग आधी फोटो माग."

हा मुद्दा समजून घ्या. डबीवर आयपीएक्स-4 लिहिलं असेल तर त्याचा अर्थ कुठल्याही दिशेने उडालेले शिंतोडे सहन व्हावेत. आयपीएक्स-7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ही चाचणी साध्या पाण्याने घेतात. घामाच्या मिठाची किंवा साबणाची गोष्ट निराळी. शिवाय कंपन्या वॉरंटीच्या अटींत पाण्याचं नुकसान सर्रास वगळतात, म्हणजे जाहिरातीत पाऊस आणि अटींत छत्री. काही उपकरणांच्या आत एक पांढरं स्टिकर असतं, ते ओलं झालं की लाल होतं, आणि तेच पुरावा म्हणून दाखवतात. घामाने भिजलेल्या बडमध्ये सर्किटवर हिरवट गंज चढलेला मी कितीदा पाहिलाय, तेव्हा "लिक्विड डॅमेज" दर वेळी खोटं असतं असं मी म्हणणार नाही. पण ते खरं असेल तर त्याचा फोटो असतोच. टेक्निशियनने ते उघडूनच पाहिलेलं असतं ना!

भाचीकडून मी मेल लिहून घेतला. भांडणाचा सूर नाही, शिव्या नाहीत. कुठल्या तारखेला घेतलं, सिरियल नंबर काय, डबीवर कुठलं रेटिंग छापलंय, बिघाड काय, आणि तीन मागण्या: ओलाव्याची जागा दाखवणारा फोटो, टेक्निशियनचा लेखी अहवाल आणि वॉरंटीच्या कुठल्या अटीखाली नाकारलंत ते. उत्तरात फोटो नव्हता, "पॉलिसीनुसार" हा शब्द मात्र होता. मग तक्रार ज्या वेबसाइटवरून घेतलं तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे. 2020च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने अठ्ठेचाळीस तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. "आम्ही फक्त मंच आहोत, विक्रेता वेगळा" हे ऐकायला मिळतं, म्हणून विक्रेत्याचं नाव बिलावरून घालायचं. सदोष माल परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला विक्रेत्याने नकार देऊ नये, हेही त्याच नियमांत आहे. दुकानदारांसाठीही 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात असंच आहे: बिलावर छापलेल्या मुदतीत, आणि मुदत छापलेली नसेल तर तीस दिवसांत, सदोष माल परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा. बिलाच्या तळाशी "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" छापलं म्हणून सदोष वस्तू गळ्यात मारता येत नाही.

त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. मराठीतही बोलता येतं. ते कोर्ट नाही, कंपनीला आदेश देऊ शकत नाहीत. तक्रार कंपनीकडे पाठवतात आणि पाठपुरावा करतात. पण कंपनीतला जो माणूस तुमचा मेल वाचत नाही, तोच हेल्पलाइनकडून आलेला कागद वाचतो, हे मी खुर्चीत असताना पाहिलंय. भाचीचं काम तिथेच झालं. नवा सेट आला, ओलाव्याचा फोटो शेवटपर्यंत आलाच नाही.

तिथेही झालं नसतं तर जिल्हा ग्राहक आयोग. लोक "कोर्ट" म्हटलं की दचकतात, म्हणून सांगतो. वकील लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तक्रारीला फी नाही. आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असलं तरी तिथे जावं लागत नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. दोष तपासायची गरज वाटली तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. कायद्यात तीन ते पाच महिन्यांत निकाल द्यावा असं लिहिलंय, प्रत्यक्षात तारखा पडतात. दीड हजाराच्या बड्ससाठी इतकं करावं का? माझं मत विचाराल तर नाही, वेळ जातो. पंचवीस हजारांच्या हेडफोनसाठी मात्र जरूर करावं. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी 1974 साली ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा ग्राहकासाठी वेगळा कायदाही नव्हता. तो 1986 साली आला. आज कायदा आहे, फोन नंबर आहे, आणि आपण बिल हरवून बसतो.

वॉरंटी संपलेल्यांचं काय? वायरवाले हेडफोन माझ्याकडे आणा, ते जगतात. अमेरिकेत मिलवॉकीची कॉस नावाची कंपनी आहे. 1958 साली संगीत ऐकण्यासाठीचा स्टिरिओ हेडफोन बाजारात आणणाऱ्यांत तिचं नाव पहिलं घेतात. तिथल्या ग्राहकांना ती आपल्या हेडफोनवर आयुष्यभराची वॉरंटी देत आली आहे. अर्थात आपल्याकडे ती चालत नाही, पण वायरच्या साध्या रचनेवर कंपनीचा एवढा भरवसा आहे, हे कळतं. बिनवायरचे बड्स मात्र गोंदाने बंद केलेले असतात. उघडताना कवच तडकतं, आणि बॅटरी बदलली तरी जोड पहिल्यासारखा घट्ट बसत नाही. ग्राहक व्यवहार विभागाने 24 डिसेंबर 2022 रोजी "राइट टू रिपेअर"चं पोर्टल सुरू केलं, तिथे काही कंपन्या सुटे भाग आणि सर्व्हिसची माहिती देतात. पण बडची शेंगदाण्याएवढी बॅटरी मला अजून रीतसर मार्गाने मिळालेली नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला चौकशी करावी लागते, आणि मिळते त्यावर मी गॅरंटी देत नाही.

बदली नग घ्यायला गेलात तर घाई करू नका. काउंटरवरच दोन्ही कान वाजवून बघा, माइकवरून एक फोन करा, डबीत ठेवून दोन्ही दिवे लागतात का पाहा. नव्या नगाचा सिरियल नंबर जॉबशीटवर लिहिलाय का तपासा, कारण जुन्याच नंबराची नोंद राहिली तर पुढच्या वेळी सिस्टीम तुम्हाला ओळखणार नाही. आणि बदललेल्या नगाला पुन्हा नवं वर्ष सहसा मिळत नाही. बहुधा मूळ वॉरंटीतले उरलेले महिनेच मिळतात, काही ठिकाणी त्याची वेगळी मुदत असते. ती तारीख तोंडी विचारू नका, त्याच कागदावर लिहून घ्या. भाचीने घेतली आहे. तिचे बड्स मार्चपर्यंत सुरक्षित आहेत, आणि आंघोळीआधी ती अजूनही काढून ठेवते.